फळ्यावरचे ४५ अंश

"मॅडम, पण ४५ नं टाकला की जवळ पडतो."

अकरावी सायन्सचा वर्ग, सकाळचा पहिला तास, प्रोजेक्टाइल मोशन, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, चालू होतं. फळ्यावर मी तो नेहमीचा कमानीसारखा पॅराबोला काढला होता, त्याच्या बुडाशी फेकीच्या कोनाचा थीटा लिहिला होता आणि गेली २२ वर्षं जे वाक्य बोलत आलेय तेच बोलले, की वस्तू जास्तीत जास्त लांब जायला हवी असेल तर ती ४५ अंशांनी फेकायची. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी हात वर न करताच बोलली, म्हणजे मला विचारायचं म्हणून नाही, स्वतःशीच बोलल्यासारखी. ती रोज पहाटे ग्राउंडवर गोळाफेकीची प्रॅक्टिस करून तशीच वर्गात येते, वेणी अर्धवट सुटलेली आणि मानेवर उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली, गोळा टेकवून टेकवून उठलेला मातीचा गोल डाग. मी वळून म्हटलं, "तुझी टाकायची पद्धत चुकत असेल. सूत्र नाही चुकत." वर्ग हसला. तीही थोडंसं हसली, मान खाली घातली आणि वहीत ४५ अंश लिहून घेतलं. मी पुढचं उदाहरण घेतलं, तास संपला, मस्टरवर सही केली, चहा घेतला, सगळं नेहमीसारखं झालं.

पण तो मातीचा डाग काही डोळ्यांपुढून हलेना.

रात्री जेवणं उरकून ओटा पुसताना परत तेच मनात आलं आणि मी फडकं तिथंच टाकून लाइटबिलाच्या पाठीमागे गणित मांडायला बसले. सूत्र बरोबरच आहे, पण त्याला एक अट आहे, वस्तू ज्या उंचीवरून निघाली त्याच उंचीवर परत टेकली पाहिजे. ही अट मी दर वर्षी सांगते, घाईत, पुढच्या स्टेपकडे जाता जाता. आणि गोळा तर जमिनीतून निघत नाही, तो निघतो खांद्याच्याही वरून, हात पूर्ण सरळ झाला की. ही पोर तशी बुटकी, तरी दीड मीटरच्या वरूनच तिचा गोळा सुटत असणार. म्हणजे निघाल्या उंचीला परत येऊनही त्याला अजून खाली यायचं असतं, आणि तेवढ्या वेळात तो पुढे सरकतच असतो, मग उगाच आभाळाकडे जास्त टाकण्यात अर्थ नाही. मी वेग धरला सेकंदाला ९ मीटर, उंची धरली १.६ मीटर, आणि उत्तर आलं साधारण ४० अंश. ४० ला अंतर येतं ९.७३ मीटर, ४५ ला ९.६३. दोनदा करून पाहिलं, तेवढंच. फरक फक्त १० सेंटीमीटर.

खरं तर इथं मला हुश्श वाटायला हवं होतं, कारण मी चुकले ते फक्त १० सेंटीमीटरनी. पण उलटंच झालं. ती पोर म्हणाली होती "जवळ पडतो", आणि ते ज्या सुरात म्हणाली होती त्यात १० सेंटीमीटर नव्हते, चांगला हातभर फरक होता. मग मी कोन सोडून वेगाला हात लावला. वेग फक्त ५ टक्क्यांनी वाढवला, ९ चा ९.४५ केला, तर अंतर गेलं १०.५८ वर. पाऊण मीटरपेक्षा जास्त! कोनात पाच अंश इकडेतिकडे झाले तरी गोळ्याला फारसा फरक पडत नाही, वेगात जरासा फरक पडला की तो लांबवर जातो, कारण अंतर जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, समीकरणात आर म्हणजे अंतर, ते व्ही स्क्वेअरच्या, म्हणजे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, हे मीच फळ्यावर लिहिते. पण ते लिहिणं वेगळं आणि एका मुलीच्या मानेवरचा डाग डोळ्यांपुढे ठेवून ते वाचणं वेगळं.

तरी कोडं सुटलं नव्हतं. ४५ नं टाकताना तिचा वेगच कमी होत होता का? आणि का व्हावा?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी घरातच मिळालं. गॅसचा सिलेंडर संपला. भरलेला सिलेंडर बाल्कनीतून ओट्यापर्यंत मी नेहमी कड्यावर कलता करून ढकलत, फिरवत नेते, तेवढं मला जमतं. पण तोच उचलून वर ठेवायचा म्हटलं तर माझ्या बापानं होत नाही, मुलाला हाक मारावी लागते. तेच हात, तीच मी, पण समोर ढकलायची ताकद वेगळी आणि वर उचलायची वेगळी. पाण्याचा हंडा कमरेवरून डोक्यावर चढवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, शेवटची ती वीतभर उंची सगळ्यात जड जाते. आपल्या छातीचे आणि खांद्याचे स्नायू समोर ढकलण्यात तयार आहेत, आणि वर ढकलायचं म्हटलं की त्यातलाच थोडा जोर नुसतं वजन पेलण्यात जातो. म्हणजे गोळा जितका वरच्या दिशेला ढकलाल तितका सुटतानाचा वेग कमी. माझ्या पुस्तकात वेग एका डब्यात असतो आणि कोन दुसऱ्या डब्यात, एकाला हात लावला तर दुसरा हलत नाही. माणसाच्या अंगात मात्र ते दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत. म्हणून तर २२ मीटर टाकणारे पुरुष, ज्यांना नुसत्या उंचीच्या हिशोबानं ४२ अंश बरोबर पडायला हवेत, ते साधारण ३५ ते ३८ च्या आसपास गोळा सोडतात. ही गोष्ट तिला तिच्या खांद्यानं सांगितली होती. मला ती लाइटबिलाच्या पाठीवर दोन दिवस घालवून कळली.

मला जास्त वाईट याचं वाटलं की मी काही शहरात एसीमध्ये वाढलेली बाई नाही. मी माणदेशातली, आमच्याकडे शाळू कणसात आला की पाखरं राखायला सगळं घर रानात. आजोबांनी ज्वारीच्या मधोमध चार मेढी रोवून माळा घातलेला असायचा, त्यावर चढलं की वारा कणसांवरून लाटेसारखा यायचा आणि त्या वाऱ्याला कोवळ्या दाण्यांचा दुधासारखा गोडसर वास यायचा. आजोबांच्या कमरेला गोफण. दोन दोऱ्या, मधे विणलेला पट्टा, पट्ट्यात ओढ्यातला गुळगुळीत दगड, एका दोरीच्या टोकाचं फास बोटात अडकवलेलं आणि दुसरं टोक नुसतं चिमटीत. डोक्याभोवती दोन-तीन वेढे फिरायचे, भूंऽऽ असा आवाज चढत जायचा आणि मग चिमूट सुटली की फट्ट! दगड कुठं गेला ते दिसायचं नाही, फक्त पलीकडच्या बांधाजवळून पाखरांचा अख्खा थवा एकदम उठायचा. मला वाटायचं दगड समोर आला की सोडायचा. मी तसा सोडला की तो बाजूला, थेट आमच्या विहिरीच्या दिशेला जायचा. आजोबा ओरडायचे, "अगं पोरी, दगूड बगलंला हाय तवाच सोड, म्होरं आल्यावर कशाला सोडतीस!" आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. गोल फिरणारी वस्तू सुटली की त्या क्षणाच्या स्पर्शरेषेनं सरळ जाते, हे मी पुढे बारावीत शिकले, बीएस्सीला शिकले, मग स्वतः शिकवायला लागले, आणि एकदाही मला विहिरीकडे गेलेला तो दगड आठवला नाही. असं कसं झालं माझं?

हातोडाफेक म्हणजे तीच गोफण, फक्त दगडाच्या जागी ७.२६ किलोचा लोखंडी गोळा, दोरीच्या जागी तार, आणि हात फिरवायच्या ऐवजी सगळा माणूसच स्वतःभोवती तीन-चार गिरक्या घेतो. १९८६ साली स्टुटगार्टला युरी सेदिख या सोव्हिएत खेळाडूनं तो ८६.७४ मीटर फेकला, आज एवढी वर्षं झाली तो विक्रम तसाच आहे. तिथं गोळा सुटताना वेग सेकंदाला २९-३० मीटर असतो आणि त्या वेगाला तो गोलात धरून ठेवायचा म्हणजे हातांवर तीनशे किलोच्या वर ओढ येते. मी हे गणित केलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्या फेकीच्या व्हिडिओत सेदिख मागे रेलून बसल्यासारखा दिसतो, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखा. ते रेलणं स्टाइलसाठी नाहीये, रेलला नाही तर हातोडा त्यालाच ओढून घेऊन जाईल. विहिरीतून भरलेली घागर ओढताना माणूस कसा मागे कलतो, अगदी तसं.

आता एकदा बसलेच होते म्हणून बाकीच्या फेकींचंही बघत गेले आणि मग तर रात्रीचे साडेबारा वाजले. खळ्यावर उफणताना आपण बघतोच, दाणा सरळ पायाशी पडतो आणि भुसकट वाऱ्याबरोबर लांब जातं. गोळा आणि हातोडा हे दाण्याच्या जातीचे, वारा त्यांचं फार काही करू शकत नाही. थाळी आणि भाला मात्र वाऱ्याशी बोलतात. थाळीचं तर मला इतकं नवल वाटलं, समोरून वारा आला की ती जास्त लांब जाते! पतंग कसा वाऱ्याला छाती देऊन वर चढतो, तसं थाळीच्या पोटाखाली समोरचा वारा शिरतो आणि तिला उचलून धरतो, आणि हातातून सुटताना बोटानं दिलेली गिरकी तिला कोलमडू देत नाही. १९८६ पासून अढळ असलेला थाळीफेकीचा ७४.०८ मीटरचा विक्रम लिथुआनियाच्या मिकोलास अलेकनानं २०२४ मध्ये मोडला तो कुठल्या मोठ्या स्टेडियममध्ये नाही, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रमोना नावाच्या ठिकाणी, मोकळ्या वाऱ्याच्या माळावर. पुढच्या वर्षी तिथंच परत ७५.५६. आमच्या माळावरचा आषाढातला वारा आठवला आणि वाटलं, इथं एक जाळी आणि एक सिमेंटचं वर्तुळ कुणी करून दिलं तर!

भाल्याची कहाणी त्याच्या उलटी, तिथं माणसांनाच वस्तू बदलावी लागली. १९८४ मध्ये पूर्व बर्लिनला उवे होननं भाला १०४.८० मीटर टाकला, आणि तेव्हाचे भाले तरंगत तरंगत आडवेच पडायचे, टोक टेकलं की नाही यावरून भांडणं. मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. चारच सेंटीमीटर, आपली दोन बोटं. त्यामुळे भाल्याचं नाक लवकर खाली वळायला लागलं आणि अंतरं कमी झाली. त्यानंतर यान झेलेझनीनं १९९६ ला ९८.४८ टाकला तो या नव्या भाल्यांत आजही जगातला सगळ्यात लांबचा.

आणि भाला म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नीरजच येतो. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो, ८७.५८. तो दिवस मला आठवतो, आमच्या हॉलमध्ये शेजारपाजारचे सगळे गोळा झाले होते. मी तेव्हा त्याचा हात बघत होते. आत्ता परत तोच थ्रो मोबाइलवर हळू करून बघितला, दहा वेळा तरी, आणि या वेळी पाय बघितले. धावत येतो आणि शेवटी डावा पाय पुढे असा ताठ रोवतो की जणू जमिनीत खांबच ठोकला. वर्गात मी जडत्व शिकवताना एसटीचं उदाहरण देते, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात. नीरजचा तो पाय म्हणजे ब्रेक. खालचं अंग थांबतं, कंबर पुढे जाते, कंबर थांबते तर खांदा पुढे जातो, खांदा थांबतो तर कोपर, मग मनगट, आणि सगळ्यांनी वाटेत सोडलेला वेग शेवटी ८०० ग्रॅमच्या भाल्याच्या वाट्याला येतो. एवढ्या मोठ्या अंगाचा वेग एवढ्याशा भाल्याला! म्हणून तर तो फेकून झाल्यावर पालथा पडतो, दोन्ही हात जमिनीला टेकतात. मला आधी वाटायचं जोर जास्त लावला म्हणून पडला.

म्हणजे हाताचं काम सगळ्यात शेवटी येतं. फेक सुरू होते ती टाचेखालच्या जमिनीपासून.

पुढच्या सोमवारी मी पहाटे साडेपाचला ग्राउंडवर गेले. अजून उजाडायचं होतं, रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड अर्ध्या मैदानावर होता आणि गवत नसलेल्या त्या लाल मातीवर रात्रीचं दव बसून वास सुटला होता. दोन पोरं फक्कीनं सेक्टर, म्हणजे गोळा ज्याच्या आतच पडला पाहिजे तो पाचरीसारखा भाग, आखत होती. नियमात तो कोन ३४.९२ अंशांचा आहे, आणि मला उत्सुकता होती की ही पोरं तो कशानं मोजतात, तर कोनमापक बिनमापक काही नाही, वर्तुळाच्या मध्यापासून दोन दोऱ्या दहा-दहा मीटर ताणायच्या आणि टोकांमधलं अंतर सहा मीटर करायचं. झाला कोन. मी मनात साइन काढून पाहिला, तंतोतंत. ती मला बघून जरा दचकलीच. म्हटलं, "तुझं चालू दे, मी बघायला आलेय." तिचे सर भिंतीशी उभे राहून एकच शब्द सारखा ओरडत होते, "ढकल! फेकू नको, ढकल!" आपण गोळाफेक म्हणतो खरं, पण नियम फेकू देतच नाही, गोळा मानेशी टेकलेला हवा, खांद्याच्या मागे न्यायचा नाही, क्रिकेटच्या बॉलसारखा हात मागून आणायचा नाही. शब्दातच फेक आहे आणि कामात ढकल. जितक्या लांबवर ढकलत राहता येईल तितका वेग साठत जातो, म्हणून ती पोरं सगळं अंग मागे वळवून, लक्ष्याकडे पाठ करून, खाली बसून सुरुवात करतात. ही पाठ करून उभं राहायची युक्ती १९५० च्या दशकात पॅरी ओब्रायन नावाच्या अमेरिकन गड्यानं रूढ केली, तोवर लोक साधारण बाजूला वळून टाकायचे. सव्वादोन मीटरसुद्धा नसलेल्या त्या वर्तुळात अजून थोडी वाट कुठून काढायची, एवढाच विचार त्यानं केला असणार.

मी तिचे चार-पाच थ्रो मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतले आणि तिथंच कट्ट्यावर बसून मुलाच्या कंपासमधून आणलेलं कोनमापक स्क्रीनवर धरलं. एका सेकंदात १२० फ्रेम. दर फ्रेमला गोळा स्वतःच्या रुंदीच्या पाऊणपट पुढे सरकत होता, गोळा साधारण १० सेंटीमीटरचा, म्हणजे सेकंदाला ९ मीटर. मी लाइटबिलावर अंदाजानं धरलेला आकडा खरा निघाला आणि माझ्या अंगावर काटा आला. कोन ३६ च्या आसपास. मग तिला सांगितलं, आता मुद्दाम उंच टाक, वर्गात शिकवलं तसा. तिनं टाकला. कोन ४४ आला, आणि गोळा फ्रेममागे जरा कमीच सरकला, आणि खाली पडला तो आधीच्या खळग्यापासून अर्धा मीटर अलीकडे. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी चुकीचं बोलले, आणि सगळ्या वर्गासमोर बोलले." ती इतकी लाजली की मलाच कळेना पुढे काय बोलावं. मग ती एकदम म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधी धरलाय का गोळा?"

नव्हता धरला. २२ वर्षांत एकदाही नाही.

तिनं चड्डीला पुसून गोळा माझ्या हातात दिला. चार किलो म्हणजे काय, बाजारातून आपण त्याहून जड पिशव्या आणतो, पण हे सगळं वजन एका मुठीएवढ्या जागेत असलं की हात खाली जातो. पहाटेचं लोखंड, गार, एका बाजूला खरखरीत. मी तो तळव्यात घेतला होता. "तळव्यात न्हाई मॅडम, बोटांच्या मुळाशी घ्या," असं म्हणून तिनं माझी बोटं एकेक करून गोळ्यामागे लावली आणि माझं मनगट मागे दाबून गोळा माझ्या मानेला टेकवला. गार लोखंड जबड्याखाली लागलं आणि मी डोळे मिटले. तळव्यात असला की शेवटचा धक्का मारायला बोटं उरत नाहीत, असं ती सांगत होती, माझ्याच आवाजात, मी वर्गात बोलते तशी सावकाश, एकेक शब्द तोडून.

तिच्या मोबाइलच्या कव्हरमागे पेपरातून कापलेला सचिन खिलारीचा फोटो आहे. आमच्याच जिल्ह्यातला, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, एका हाताला अपंगत्व आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकला १६.३२ मीटर टाकून रौप्यपदक. तिथून उठून गेलेला माणूस १६ मीटर टाकतो, मग मी का नको, असं ती म्हणाली. गोळा टाकताना मोकळा हात आधी लांब सोडून मग छातीशी आखडून घ्यायचा असतो, म्हणजे खांदा जोरात वळतो, हे तिनं मला करून दाखवलं आणि म्हणाली, मॅडम, दोन्ही हात धड असून मी डाव्या हाताचं विसरते.

तोवर उजाडलं होतं, पलीकडं दुधाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या आणि माझा पहिला तास पाऊण तासावर आला होता. सरांनी तिला सांगितलं, शेवटचे तीन टाक, मोजून. टेप धरायला कुणी नव्हतं, ती दोन पोरं पाण्याला गेली होती, म्हणून मी गेले. शून्याचं टोक खळग्याकडे असतं हेही मला त्या दिवशीच कळलं, टेप वर्तुळाच्या मध्यातून ओढायची आणि आकडा तिकडे आतल्या कडेला वाचायचा. ती वर्तुळात गेली, पाठ केली, खाली बसली, आणि मला इथून फक्त तिची वेणी दिसत होती. मग घसटल्यासारखा पायांचा आवाज, एक मोठा श्वास आणि धप्प. माती उडून माझ्या साडीच्या काठावर आली. मी खाली बसले, वर्तुळाच्या बाजूची खळग्याची कड बोटानं चाचपली आणि टेपचं टोक तिथं दाबून धरलं. तिकडून सर वाकले.

"नऊ एक्क्याण्णव!"

"मॅडम, तसंच बसा," ती ओरडली, "अजून एक टाकते."